चिवड्याचे तीन कटोरे

सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. दुकान वडिलांनी टाकलं, आता मी चालवतो. दिवसभर गल्ल्यामागच्या खुर्चीत बसायचं आणि बसल्या जागेवरून हमालाला बोटानं माल दाखवायचा, हेच माझं काम. लग्न झालं तेव्हा मी अंगानं भरलेला होतो, एवढंच. आम्हा पोवारांच्या घरात भरलेल्या माणसाला कोणी नावं ठेवत नाही, खात्यापित्या घरचा दिसतो म्हणतात. चाळिशी उलटली तोवर खुर्चीचे हात मांड्यांत रुतायला लागले. मग मी सुताराकडून हात नसलेला रुंद बाक करून घेतला. गिऱ्हाइकांना वाटलं, दुकान सुधारून राहिलो.

घरी मी कमी खायचो. हे खोटं नव्हतं. बायकोनं माझ्यासाठी भात कमी केला, भाजीतलं तेल जवळजवळ बंद केलं, साखर तर डब्यातूनच काढून टाकली. मला एकट्याला फिकं गिळावं लागू नये म्हणून तीही तेच जेवायची. मुलगी नागपूरच्या कॉलेजातून सुट्टीत आली की नाक मुरडायची, पण तिच्याही ताटात तेच. काही महिन्यांत बायकोच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी मात्र वाढतच होतो. शेजारीण एकदा अंगणातून म्हणाली, "तू काऊन सुकून राहिली वो? आन थे काऊन वाढून राहिले?"

बायको म्हणाली, "बसून काम हाये न त्याहिचं. अंगाले लागते."

मी आत होतो. सगळं ऐकलं.

खरं उत्तर कोहमाऱ्याला होतं. ठोक व्यापाऱ्याकडे माल बघायला मला वरचेवर गोंदियाला जावं लागतं आणि गाडी कोहमाऱ्याच्या फाट्यावरूनच जाते. जाताना मी थांबत नसे. येताना तिथल्या धाब्यावर थांबायचो. ट्रकांच्या मागे, रस्त्यावरून दिसणार नाही अशा टेबलाशी बसायचो. अंडाकरी, तंदूर रोट्या, परत अंडाकरी, मग समोरच्या टपरीवरचे आलुबोंडे कागदात बांधून गाडीत. गाडी सुरू करायच्या आधी कागद रिकामा झालेला असायचा. त्यात मजा होती असं कोणी समजू नये. पहिल्या दोनचार घासांनंतर मला चव लागतच नसे. फक्त हात चालायचा, आणि तो चालतोय तोवर डोक्यात काही नसायचं. मग बडीशेप चावायची, हात साबणानं धुवायचे, शर्टावर डाग पडला का बघायचं आणि बायकोला फोन करायचा, "येऊन राहिलो, वाढ." घरी येऊन मी पुन्हा तिच्यासमोर चार घास खायचो.

"एवढंसं तं खाता जी तुमी," ती म्हणायची. तिच्या आवाजात कळवळा असायचा. तो मला सगळ्यात जड जायचा.

एका हिवाळ्यात तिच्या भावाच्या घरचे आणि आम्ही मिळून कचारगडची गुहा बघायला गेलो. बायकोनं आदल्या दिवशीपासून स्वयंपाक केला होता. त्या दिवसापुरतं पथ्य बाजूला ठेवून तिनं सुवारी तळल्या होत्या, म्हणजे पुऱ्या. उडदाचे बडे होते, वांग्याची भाजी होती, खीर होती. गुहेकडची चढण सुरू झाली आणि थोड्याच अंतरावर माझा श्वास सुटला. मी एका दगडावर बसलो आणि म्हणालो, "तुमी या जाऊन. मी सामान सांभाळतो." मुलगी थांबायला तयार होती. मीच तिला पाठवलं.

सगळी मंडळी वर गेली. डबे माझ्या पायाशी होते. एक सुवारी खाऊन बघावी म्हणून मी झाकण काढलं. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. आठवतं सगळं. बडे संपले तेव्हा मी खीर बोटांनी चाटत होतो आणि वरून येणाऱ्या आवाजांचा कानोसा घेत होतो. सगळे डबे रिकामे करून, झाकणं लावून, मी ते पिशवीत परत ठेवले.

दमलीभागली, भुकेजलेली माणसं खाली आली. मेहुण्याच्या बायकोनं डबा उघडला.

"माकडं आली होती," मी म्हणालो. "चारपाच. मले उठताच नाही आलं."

सगळे माकडांना शिव्या देत खाली दुकानात बिस्किटं शोधायला गेले. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. बायको डबे गोळा करत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "माकड डब्याले झाकन लावून ठेवते का जी?"

त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. तिला वाटलं असावं, एका दिवसाची गोष्ट आहे, पथ्यानं उपाशी माणूस, झालं असेल. कोहमाऱ्याचं तिला ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी झोपेत माझा श्वास अडकायला लागला. बायको हलवून जागं करायची. गोंदियाच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या आणि आधी वजन करून या म्हणाले. मी काट्यावर चढलो. काट्यावर आकडा आलाच नाही, नुसती एक आडवी रेघ. कंपाउंडरनं मला खाली उतरवलं, पुन्हा चढवलं. पुन्हा रेघ.

"इसमें नहीं आएगा, भाईसाहब," तो म्हणाला. "किसी राइस मिल में करवा लो."

त्यात कुचेष्टा नव्हती. बापड्यानं उपाय सांगितला. मी ओळखीच्या एका मिलवर गेलो. धानाचा हंगाम होता. हवेत कोंडा उडत होता, ट्रकमधून धानाची पोती, आमच्याकडचे कट्टे, उतरत होती आणि एकेक कट्टा मोठ्या लोखंडी काट्यावर चढत होता, बारदान्याची कटती कापून वजन लिहिलं जात होतं. मालकानं हमालांना थांबायला सांगितलं. काट्यावरचे कट्टे बाजूला झाले आणि त्यांच्या जागी मी उभा राहिलो. हमाल पाठीवरची ओझी टेकवून बघायला लागले.

"शेठ, चप्पल काढा," एकजण म्हणाला, "नाही तं चपलीची कटती लागंल."

सगळे हसले. मीही हसलो. हसणाऱ्यांत माझाच आवाज मोठा होता.

डॉक्टरांनी तो आकडा कागदावर लिहून घेतला. लिव्हर, साखर, रक्तदाब, सगळ्यांची नावं घेऊन झाली. शेवटी ते म्हणाले, "तोंडावर ताबा ठेवा." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की मान आपोआप हलली. बाहेर पडताना त्यांनी थांबवलं. वजन आणि खाण्याच्या सवयी यांवर मानसशास्त्राचं संशोधन करणाऱ्या एक मॅडम इथे येतात, त्यांना भेटा, म्हणाले.

मॅडम माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या असतील. दवाखान्याच्या मागच्या बाजूला त्यांना एक खोली दिलेली होती. त्यांनी मला बसायला बिनहाताची खुर्ची पुढे केली, त्यामुळे त्या मला तिथेच आवडल्या. त्या म्हणाल्या, "मी तुमचं वजन कमी करणार नाही. माणसं कधी खातात, कशानंतर खातात, एवढंच मला समजून घ्यायचं आहे. दोनदा यावं लागेल. मधेच सोडावंसं वाटलं तर सोडा, मी कारण विचारणार नाही." मी सही केली.

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला काय खाता हे न विचारता बाकी सगळं विचारत होतं. जेवताना जवळ कोण असतं? भूक लागली हे कुठे कळतं, पोटात की डोक्यात? कंटाळा आल्यावर काय करता? राग आल्यावर? मी जमेल तेवढं खरं सांगितलं. कोहमाऱ्याचं सांगितलं नाही.

"मन दुखावलं असेल तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा मले अन्न जातच नाही," मी म्हणालो. "कोनी काही बोललं का माझी भूकच मरते."

हे मी लपवाछपवी म्हणून बोललो नाही. माझा तसाच समज होता. मी जास्त खातो ते खुशीत, निवांतपणी, अशी माझी पक्की खात्री होती. आनंदी, खादाड माणूस. लोकही मला तसंच ओळखत.

त्या दिवशी त्यांनी मला सकाळी दुकान उघडण्यापासून काय काय करतो ते सांगायला लावलं. शटर, झाडलोट, देवाला अगरबत्ती, पहिलं गिऱ्हाईक. मग शेजारच्या लहान खोलीत नेलं. टेबलावर चिवड्याचे तीन मोठे कटोरे होते, पोह्यांचा, मक्याचा आणि मुरमुऱ्यांचा. कोणता किती तिखट, किती खारट, किती आवडला, ते कागदावर खुणा करून सांगायचं. हवं तेवढं खाऊन बघा म्हणाल्या आणि दार ओढून गेल्या. मी प्रत्येकातला घासभर घेतला, खुणा केल्या आणि बाहेर आलो. बघा, समोर एवढं असून मी हात आवरला, असं मला मनातून वाटत होतं. घरी बायकोलाही ते ऐटीत सांगितलं.

पुढच्या खेपेला मॅडम म्हणाल्या, "आज जरा अवघड आहे. तुम्हाला फार अपमान वाटला असा एखादा प्रसंग सांगाल? नको असेल तर नको."

मी म्हणालो, त्यात काय, आणि राइस मिलची गोष्ट सांगायला घेतली. विनोदी करून सांगायची असं ठरवलं होतं. कट्टे बाजूला झाले इथपर्यंत आलो आणि तिथेच अडलो. चपलेचं वाक्य मला बोलता येईना. मॅडमनी पाणी दिलं. त्या हसल्या नाहीत. पाणी पिऊन मी ते वाक्य सांगितलं, आणि मीही हसलो होतो, हेही सांगितलं. थांबायचं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

मग पुन्हा ती लहान खोली, ते कटोरे, तो खुणांचा कागद. मी मन लावून खुणा केल्या. मक्याच्या चिवड्यात मीठ जास्त आहे असं नोंदवलं. नक्की करावं म्हणून आणखी थोडा घेतला. मॅडम आत आल्या तेव्हा मी त्यांना म्हणालो, "आज तं मले काही गेलंच नाही. मन उडालं होतं."

त्यांची नजर टेबलावर गेली आणि तिथे जराशी थांबली. मग त्या माझ्याशेजारी खुर्ची घेऊन बसल्या.

"एक गोष्ट मी आधी सांगितली नव्हती," त्या म्हणाल्या. "आधी सांगितली असती तर हे बघताच आलं नसतं. चवीचा कागद मी तपासणार नाही. साध्या गप्पांनंतर माणूस किती खातो आणि मनाला लागल्यानंतर किती खातो, ते मी बघते आहे. कटोऱ्यांचं वजन आधी आणि नंतर करते. हे कळल्यावर तुम्ही नाही म्हणालात तर तुमची माहिती मी काढून टाकीन."

"मंग मी किती खाल्लं?" मी विचारलं.

"ते आज नको."

"नाही जी. सांगा."

 मीच खाली बघितलं. मक्याच्या कटोऱ्यात तळाशी मिठाची पूड होती. मुरमुऱ्यांचा पुसल्यासारखा स्वच्छ होता. पोह्यांच्या कटोऱ्यात दोनचार शेंगदाणे होते आणि माझी बोटं, मी बघत असताना, त्यातला एक उचलत होती.

मी हात झटकन मागे घेतला. मग मला राग आला. "फसवून कायले पाहिलं तुमी?" मी म्हणालो. "मले विचारलं असतं तं मी सांगितलं असतं."

"मी विचारलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही मला खरंच सांगितलं. तुम्हाला जेवढं ठाऊक होतं तेवढं."

मी उठलो आणि त्यांच्याकडे न बघता बाहेर पडलो.

गोंदियाहून परतताना गोरेगाव कधी मागे गेलं कळलं नाही. आजवर माझा एक आधार होता. मी खातो, पण ज्या दिवशी ठरवीन त्या दिवशी थांबेन. दुसरं कोणी नाही, मीच खातो, तर थांबवणाराही मीच. त्या खोलीत तो आधार गेला. मी खाल्लं होतं आणि मला पत्ता नव्हता. मग हात कोणाचा चालत होता? कोणाला सांगायचं थांब म्हणून? डॉक्टर ताबा ठेवा म्हणत होते, बायको भाजीतलं तेल कमी करत होती, आणि ज्याला आवरायचं तो माझ्याच आत बसून मला दिसत नव्हता.

कोहमाऱ्याला मी थांबणार नव्हतो. तसं मी गाडीत मोठ्यानं बोललोही. तरी स्टिअरिंग वळलं. त्या दुपारी मी नेहमीच्या टेबलाशी बसलो आणि पहिल्यांदाच स्वतःकडे बघत खाल्लं. हा घास, हा रोटीचा तुकडा, हे मी करतोय, आता थांब. हात थांबेना. मी रडत होतो आणि चावत होतो. पोऱ्यानं विचारलं, "मिरची लगी क्या, सेठ?" मी मान हलवली आणि आणखी रोट्या मागवल्या. समोरून रायपूरकडे जाणारे ट्रक धडधडत निघाले होते. त्यांच्याकडे बघताना माझ्या मनात जे आलं ते इथे लिहीत नाही. गाडीची किल्ली मी टेबलावर ठेवली, लांब सरकवली, आणि बायकोला फोन केला.

"मले घ्याले ये," मी म्हणालो. "कोहमाऱ्याले. मी गाडी नाही चालवत."

ती कोणाच्या तरी स्कूटीवर मागे बसून आली. तिला वाटलं होतं अपघात झाला. धावतच आत आली आणि टेबलापाशी थांबली. एकावर एक ठेवलेल्या ताटल्या, अंडाकरीच्या वाट्या, आलुबोंड्यांचा कागद. तिनं सगळं बघितलं आणि समोरच्या बाकावर बसली.

"येवढं सगळं तुमी एकट्यानं?"

"हो."

"आजच?"

मी आलुबोंड्यांचा कागद चुरगाळला.

"आजच का जी? बोला न!"

"गोंदियाले गेलो का येताना थांबतो," मी म्हणालो. "कित्येक वर्षं झाले."

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं पदर तोंडाशी नेला. मग म्हणाली, "मी तुमच्यासोबत फिका भात खाऊन राहिली. सणावारालेही. पोरगी म्हणे, आई तू काऊन उपाशी मरते, तं मी तिलेच बोलली. आन तुमी घरी येऊन माझ्यासमोर चार घास खाऊन दाखवत होते. माझा जीव कायले जाळला जी?"

 मी तिला कटोऱ्यांचं सांगितलं. कसं सांगितलं मला ठाऊक नाही, मागचं पुढं झालं असेल. मला कळत नाही मी कधी खातो, कळलं तरी हात थांबत नाही, मला भीती वाटते, असं काहीतरी. ती ऐकत होती की नाही तेही कळत नव्हतं. शेवटी तिनं किल्ली उचलली. गाडी तिला चालवता येत नव्हती, म्हणून धाब्यावरच्या एका ओळखीच्या ड्रायव्हरनं आम्हाला घरी सोडलं. आम्ही मागच्या सीटवर दोन टोकांना बसलो होतो.

त्या दिवसापासून तिनं स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक सुरू केला. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. ते योग्यच होतं, पण त्या घरात बसवत नव्हतं. मग एका सकाळी तिनंच विचारलं, "थ्या मॅडमनं तुमाले हाकललं का तुमीच पळाले?"

"मीच पळालो."

"मंग चला."

आम्ही दोघं गेलो. मॅडमसमोर मी कोहमारा सांगितला, कचारगड सांगितला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. हा खादाडपणा नाही, याला आजार म्हणून नाव आहे, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात संशोधन आहे, उपचार नाही, म्हणून त्यांनी नागपूरच्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. निघताना बायकोनं त्यांना विचारलं, "बरे होतीन का हे?"

 "बऱ्याच जणांचं खाणं ताब्यात येतं," त्या म्हणाल्या. "वजनाचं मी सांगू शकत नाही. उतरलेलं वजन शरीर परत मागतं. ते त्यांच्या हट्टामुळे नाही, शरीराचा स्वभावच तसा आहे." बायकोला त्यांनी खोटा दिलासा द्यायला हवा होता असं तेव्हा मला वाटलं. आता वाटत नाही.

नागपूरचे उपचार चालू आहेत. गोळी आहे, दर काही आठवड्यांनी बोलणं आहे. पहिल्या वर्षी मी बराच उतरलो. लोक दुकानात येऊन विचारायचे काय केलं म्हणून, आणि मुलीनं माझा फोटो तिच्या मोबाईलवर लावला. दुसऱ्या वर्षी काहीही जगावेगळं न करता त्यातलं बरंचसं परत आलं. फोटो तिनं काढला नाही, पण लोकांनी विचारणं बंद केलं. मॅडमचं संशोधन संपलं आणि त्या दुसऱ्या गावी गेल्या. माझी माहिती त्यांनी ठेवावी, असं मी कळवलं होतं.

बायको आता रोज संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी येते आणि एकच शब्द विचारते, "आज?" मी खरं सांगायचं, एवढंच आमचं ठरलं आहे. पुष्कळ दिवस मी "नाही" म्हणतो. ते खरं असतं. काल मी शटर अर्धं ओढलं होतं तेव्हा ती आली.

"आज?"

"हो," मी म्हणालो. "दुपारी. लय खाल्लं."

 तिनं मला बाकावर बसवलं आणि माझ्याशेजारी बसली. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मग म्हणाली, "उद्या?"

"मले माहीत नाही," मी म्हणालो.

ती उठली आणि शटरचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी मिळून ते खाली ओढलं.